विसावी चिठ्ठी

९ जानेवारी

भिंगरे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो. तुमच्या घरात माझा आशीर्वाद चालतो की नाही ते ठाऊक नाही, म्हणून वर बोटभर जागा कोरी सोडली आहे. वाटलं तर तूच भरून घे.

मी मावशी. अक्षरावरून ओळखलं असशीलच. तू म्हणायचीस, मावशीची अक्षरं शाळेत रांगेत उभी केल्यासारखी दिसतात. आता ती रांग जरा वाकडी झाली आहे, उजव्या अंगठ्याचा सांधा धरतो.

गेल्या मंगळवारी तुझ्या दारात एक उंच बाई आल्या होत्या. हातात जाडजूड फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. आम्ही त्यांना जिराफबाई म्हणतो, अगदी तोंडावर म्हणतो. त्या तुला म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गासाठी ज्या मुलांनी नावं दिली होती त्यांची आम्ही पुन्हा एकदा पाहणी करतोय, दोन तास द्याल का? तू म्हणालीस, "ज्यांना वर्ग मिळाला त्यांना जाऊन विचारा. मला काय विचारता?" आणि दार लावलंस. जिराफबाई सांगत होत्या, आपटलं नाही, सावकाश लावलं. मला वाटलं, आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यांनी फॉर्मवर 'नकार' लिहिलं. नकाराचे सगळे फॉर्म माझ्या टेबलावर येतात. वर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. दोनशे सतरा. तो मला झोपेत विचारलास तरी सांगेन. पत्ता मागच्या पानावर असतो, तो मी उतरवून घेतला. हे नियमात बसत नाही. तरी लिहितेय.

तुझं म्हणणं रास्त आहे. ज्याला काही दिलंच नाही, त्याच्या दारात जाऊन 'कसं काय चाललंय' विचारायचं म्हणजे निर्लज्जपणाच. पण आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. ताप आलेल्याला औषध दिलं आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तर तो औषधाने उतरला की आपोआप, हे कसं कळणार? ज्याला औषध दिलं नाही त्याचा ताप कधी उतरला ते पाहावं लागतं. वर्गातली मुलं पुढे गेली असतील, पण वर्ग नसता तरी गेली असती का, हे फक्त तुम्ही सांगू शकता, न मिळालेले. तुमच्यावाचून आमचं सगळं काम म्हणजे एका पारड्याचा तराजू. चारशे बारा मुलांतली एकवीस अजून सापडलेली नाहीत, सहा जणांनी नाही म्हटलंय. तू सातवी.

जिराफबाई पुन्हा एकदा येतील. नको असेल तर पुन्हा नाही म्हण. तो तुझा हक्क आहे, फॉर्मच्या पहिल्याच पानावर छापलाय. तो मजकूर मीच लिहिलाय.

हे सगळं ऑफिसचं झालं. आता माझं. दार लावताना तू म्हणालीस म्हणे, "चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायचंय, उशीर होतोय." हे ऐकल्यावर मी माझा चष्मा काढून उगाच पुसत बसले. काम उभ्याने करावं लागतं का गं? जेवतेस ना वेळेवर? केस अजून तसेच कुरळे आहेत? जिराफबाईंना विचारलं तर म्हणाल्या, डोक्याला रुमाल बांधला होता. एवढी उंच बाई, वरून काहीतरी दिसायला नको?

मावशी


२ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? रोज साडेबाराला पोस्टमन येतो तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात काहीतरी काम काढते. परवा वॉचमन म्हणाला, "बाई, तो जिना झिजेल आता."

मी त्याच दोन खोल्यांत राहते, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खाली हवेचा पंप अजून तसाच फुसफुसतो. तू त्याच्या तालावर पाढे म्हणायचीस. मध्येच गिऱ्हाइकाची हवा भरून झाली आणि पंप थांबला की तूही सात चोक वर थांबायचीस, आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत अठ्ठावीस काही सांगायची नाहीस. आतल्या खोलीत पलंग तोच आहे. तिघी आडव्या झोपायचो, तू मध्ये. लाथ मात्र मलाच बसायची, आईला कधी नाही. आता पलंग भलताच मोठा वाटतो. मी अजून भिंतीला चिकटूनच झोपते, सवय.

तुझे वडील परगावी कामाला गेले आणि तिकडचेच झाले, तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. आई कारखान्यात जादा पाळी करायची आणि मी पाहणीची पिशवी खांद्याला अडकवून गल्लोगल्ली. लोक म्हणायचे, या पोरीला दोन आया. तुझी आई, माझी धाकटी, फटकन म्हणायची, "आई एकच आहे. दुसरी फॉर्म भरायला ठेवलीय." आम्ही तिघी किती हसायचो!

बघ, पानभर इकडचं तिकडचं लिहिलं. खिडकीवर यायचं टाळत होते.

तुला किती आठवतंय कोण जाणे, दहा वर्षांची होतीस. वर्ग सुरू होऊन दोन महिने झाले होते. शाळेची मागची खोली, तिला तीन खिडक्या, मधल्या खिडकीचं एक झडप निखळलेलं. मी वर्गाची पाहणी करायला आले, तर बाहेरच्या कठड्यावर तू उभी. वही भिंतीला टेकवलेली. फळ्यावर जे उमटेल ते उतरवत होतीस. शिकवणाऱ्या बाईंना ते ठाऊक होतं. त्या मुद्दाम फळ्याच्या तुझ्या बाजूला मोठं अक्षर काढायच्या, हे मला नंतर कळलं.

आमच्या नियमात होतं की ज्यांची निवड झाली नाही त्या मुलांपर्यंत वर्ग पोचू द्यायचा नाही. पोचला तर दोन्हीकडची मुलं सारखीच झाली, मग ताडून काय पाहणार? हा नियम मी माझ्या पथकाकडून घोकून घेतला होता. मी तुझा दंड धरला आणि तुला कठड्यावरून खाली उतरवलं. तू म्हणालीस, "मावशी, मी आत जात नाहीये गं. नुसती बघतेय."

मी म्हणाले, "बघायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीला पुठ्ठा ठोकून घेतला. खिळे मी दिले.

तुझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी कामावरून आले तर दारात दोन बोचकी आणि तू बूट घालून बसलेली. धाकटी म्हणाली, "तुला भाची नकोय, आकडा हवाय. दोनशे सतरा ठेव तुझ्यापाशी. मी माझी पोर नेते." यावर मी काय म्हणाले माहितेय? "नवा पत्ता कळव, पुढच्या पाहणीला लागेल."

अगं, मला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं! पाय धरायचे होते तिचे. आणि तोंडातून निघालं काय, तर पत्ता. तेव्हापासून मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्यात की नवीन शोधाव्या लागतात.

तुझीच,
मावशी


१९ मार्च

भिंगरे,

जिराफबाई कालच परत आल्या. म्हणाल्या, या वेळी तू त्यांना आत घेतलंस, पाणी दिलंस, फॉर्म चाळलास आणि म्हणालीस, "विचार करते. पुढच्या महिन्यात या." जिन्यापर्यंत सोडायला आलीस आणि विचारलंस, "ती पत्रं लिहिणारी बाई अजून तिथेच कामाला आहे का?"

बाई म्हणालीस, मावशी नाही. तरी मी आज ऑफिसात कुणावर ओरडले नाही. सगळ्यांना वाटलं माझी तब्येत बिघडलीय.

आनंद असा झाला आणि लगेच पायाखालची जमीन हलली. तू फॉर्म भरणार. दोन तास बसून, आठवून आठवून, खरं खरं सांगणार. आणि तुझ्याकडून खरं मागायला आलेलं जे ऑफिस, त्याच्या टेबलावर कोण बसलंय? मी. तेव्हा तू काही भरायच्या आधी हे वाच. वाचून फॉर्म फाडावासा वाटला तर फाड.

तुझी चिठ्ठी निघाली होती.

पुन्हा लिहिते, नीट वाच. भिंगरे, वर्गासाठी तुझी चिठ्ठी निघाली होती.

आपल्या शाळेतून एक्केचाळीस नावं होती, जागा वीस. चिठ्ठ्या मीच लिहिलेल्या, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात घातलेल्या. चिठ्ठ्या लहान मुलाच्या हातून काढायच्या असा नियम. त्यासाठी बालवाडीतली एक मुलगी ठरवली होती, पण एवढी गर्दी बघून तिने भोकाड पसरलं आणि आईच्या मागे जाऊन लपली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, उशीर होतोय, तुम्हीच काढा." तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मागच्या भिंतीला टेकून कोपऱ्यावरचा पाववाला उभा होता, त्याच्या दोन मुलांची नावं होती डब्यात. तो ओरडला, "घ्या! आता बाईंच्या घरचं नाव बरोब्बर निघतंय की नाही बघा!" सगळा हॉल हसला. मीही हसले. कान तापले होते.

एकोणीस चिठ्ठ्या झाल्या. पाववाल्याचं एकही मूल आलं नव्हतं. विसावी काढली, उघडली, वाचली. तुझं नाव. मी मूठ मिटली आणि म्हणाले, "दोन चिकटल्यात वाटतं." दुसरा हात डब्यात घातला, दुसरी काढली आणि ती वाचून दाखवली. भलत्याच कुणाची तरी मुलगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाववाला जाताना म्हणाला, "काही म्हणा, बाई सरळ आहेत." त्या वाक्यावर मी अकरा वर्षं जगतेय.

घरी येताना ती चिठ्ठी हातात घामेजली होती. फेकली तर कुणाला सापडेल अशी भीती. तोंडात घातली, चावली आणि गिळून टाकली. हसू नकोस. हसलीस तरी चालेल. जिन्याच्या खालच्या पायरीवर तू वाट पाहत बसली होतीस. "मावशी, निघाली?" आणि मी म्हणाले, "नाही गं. नशिबाचा खेळ असतो."

तू रडलीसही नाहीस. म्हणालीस, "मग बाकीच्या वीस जणांना पण वाईट वाटलं असेल ना?"

तुला कठड्यावरून खाली ओढलं तो वर्ग तुझा होता. दंड धरला तेव्हा मला ते ठाऊक होतं. तुझ्या आईला वाटत आलंय की मी नियमाला जागले आणि नात्याला नाही. मी कशालाच जागले नाही, भिंगरे. मी फक्त माझं नाव राखलं.

माफी मागत नाही. तो शब्द लिहून बघितला आणि खोडला, फार स्वस्त दिसत होता.

मावशी


५ मे

भिंगरे,

तुझ्या आईचा फोन आला होता. अकरा वर्षांनी. आवाज ओळखायला अर्धा शब्द पुरला.

"कागद गिळलास?" म्हणाली.

"हो."

"पचला का?"

आणि ठेवला. मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी. म्हणजे पत्रं ती वाचते! मग ती रागावू दे, काय वाट्टेल ते बोलू दे. उद्या पुन्हा फोन करून चार शिव्या दिल्या तर मी मुकाट्याने ऐकून घेईन, वर पाचवी सुचवेन.

दुसरी गोष्ट. मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे या पाहणीच्या मुख्य, पेन्सिल चावून चावून तिचा ब्रश करतात. पाऊण तास मी बोलले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "एक चिठ्ठी? चारशे बारांत एक? उत्तरावर साधा ओरखडासुद्धा उठत नाही."

तुला सांगते, त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर एवढं लागलं नसतं. ज्या एका चिठ्ठीपायी माझं घर रिकामं झालं, तिने त्यांचं उत्तर हलतसुद्धा नाही!

मग त्यांनी तुझं पान काढलं. आमच्याकडे रीत अशी की जिची चिठ्ठी निघाली ती निवडलेली. ती वर्गात एक दिवस बसो की दोन वर्षं, मोजायचं निवडलेल्यांतच. नाहीतर जो तो सोयीने इकडचं तिकडे करेल. त्यांनी दोनशे सतरावर रेघ ओढली आणि क्रमांक निवडलेल्यांच्या यादीत लिहिला. जी तुझ्या जागी गेली ती आली न निवडलेल्यांत. मी म्हटलं, "अहो, ती दोन वर्षं वर्गात बसली!" म्हणाल्या, "बसली असेल. चिठ्ठीने नाही बसली." म्हणजे आता कागदावर वर्ग तुला मिळाला आहे, आणि जी तो शिकली तिला मिळालेला नाही. हसावं की रडावं सांग.

तुझा पत्ता चोरल्याचंही सांगितलं. त्यावर मात्र त्या खऱ्या भडकल्या. मला पाहणीतून काढून दप्तरखान्यात बसवलंय. जुने फॉर्म खोक्यांत लावायचे, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. चिठ्ठ्यांपासून काही माझी सुटका नाही. खांद्यावरची पिशवी जमा केली. सत्तावीस वर्षं होती, खांदा अजून त्या बाजूला झुकतो.

आणि तिसरी गोष्ट, म्हणजे खरी पहिली. तू फॉर्म भरलास! सगळं वाचूनही भरलास. जिराफबाई आल्या आणि नुसतं "झाला" म्हणाल्या. मी काहीही विचारलं नाही. खोटं. मी त्यांच्या मागे मागे पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि विचारलं, कशी आहे, काय म्हणाली, हसली का. त्या म्हणाल्या, "बाई, मला विचारू नका. तुम्हीच शिकवलंय." चांगलंच शिकवलं होतं.

मावशी


११ ऑगस्ट

भिंगरे,

निकाल आला.

तुला आधी माझ्या मनातला एक कोपरा दाखवते. वर्ग संपला तेव्हा निवडलेली मुलं बरीच पुढे होती, वाचनात आणि हिशेबात. त्या दिवशी मी आजारी म्हणून घरी पडून राहिले. चार वर्षांनी फेरपाहणी केली तर फरक जवळपास पुसला गेलेला. मोठ्या बाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आणि मी? मी एकटीच हॉटेलात गेले आणि दोन बशा गोड खाल्लं. वर्गाचा काही उपयोग नाही! मग मी तुझं काय काढून घेतलं? काहीच नाही! दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभारलेल्या कामाचा पोकळ डोलारा व्हावा म्हणून मी जीव टांगून बसले होते, आणि त्याच कामाचा पगार घेत होते. त्याच फेरीत तुझं पान आलं होतं. 'शाळा: सोडली.' नववीत. तेव्हाही मागच्या पानावर पत्ता होता. तेव्हा मी नियम पाळला. काय तो नियम, आणि काय ती मी.

या वेळी मोठ्या बाईंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं, दप्तरखान्यातल्या मलाही. एकवीस सापडत नव्हती त्यांतली तेरा सापडली, त्यामुळे आकडे पक्के. फळ्यावर दोनच आकडे लिहिले. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांच्यातल्या शंभरात एकसष्ट जणांनी शाळा शेवटपर्यंत पुरी केली. ज्यांची नाही निघाली त्यांच्यात शंभरात एकोणपन्नास. मधल्या वर्षांत वाचनातला फरक विरला, पण टिकून राहण्यातला विरला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते. जिराफबाई रडत होत्या, त्यांच्या उंचीवरून डायरेक्ट माझ्या खांद्यावर.

शंभरात बारा. वर्ग कामाचा होता.

मी जिन्यात जाऊन बसले. मला वाटलं होतं, हा दिवस आला तर मी कोलमडेन. तसं झालं नाही. फक्त एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. ते बारा कोण? कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या बाईंनाही नाही. ज्या एकसष्टांनी शाळा पुरी केली त्यांतली बहुतेक वर्गावाचूनही करणारी होती. ज्यांनी सोडली त्यांनी वर्ग मिळूनही सोडली. मधले बारा जण वर्गामुळे तरले, एवढं नक्की, पण त्यांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नाही. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसेल.

तू त्या बारांत असतीस का? मी रोज हा प्रश्न घेऊन दप्तरखान्यात जाते आणि रोज तोच घेऊन परत येते. कठड्यावर उभी राहून वही भिंतीला टेकवणारी पोर असतीच, असं मन म्हणतं. मग दुसरं मन म्हणतं, आई आजारी पडली असेल, घर चालवायचं असेल, वर्गाने काय केलं असतं? सत्तावीस वर्षं मी लोकांना पटवत आले की मोजलं म्हणजे कळतं. तुझ्याबाबतीत काही कळत नाही. चारशे बारांचं उत्तर मिळालं आणि एकीचं नाही, आणि मला ते एकीचंच हवं होतं.

फार आठवण येते गं. आज खाली पंप सुरू झाला आणि मी नकळत सातचा पाढा म्हणायला लागले. पंप थांबला. मी पुढे गेलेच नाही.

तुझीच,
मावशी


३० ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते मोठ्या बाईंच्या गठ्ठ्यात घातलं होतं, मी तिथल्या तिथे गठ्ठा सोडला, आणखी एक नियम गेला. चार ओळी. किती वेळा वाचल्या ते विचारू नकोस. तुझं अक्षर तिरकं आहे, घाईतलं, माझ्यासारखं मुळीच नाही, आणि मला ते इतकं आवडलं की बास.

तू लिहितेस, 'मावशी,' (मावशी! बाई नाही!) 'वर्ग मिळाला असता तर काय झालं असतं ते मला नको सांगूस. माझं बरं चाललंय, काम मला आवडतं. आईने सांगितलंय की तिच्यातर्फे काही लिहायचं नाही, म्हणून लिहीत नाही. मला एकच सांग. चिठ्ठी उघडून माझं नाव वाचलंस, तेव्हा तुला आधी काय वाटलं? भीती की आनंद? खरं लिही. फॉर्ममध्ये मी सगळं खरं लिहिलंय.'

भेटायला ये असं तू लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही. विचारलंयस तेवढ्याचं उत्तर देते.

खरं सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मी नेहमी मिटलेल्या मुठीपासून पुढचंच आठवत आले. मूठ मिटायच्या आधीही काहीतरी होतं, हे तू विचारल्यावर आठवलं. काल सबंध दिवस खोक्यांमध्ये बसून आठवत होते, चुकायला नको म्हणून. तुझ्यासमोर तरी हातचं राखून काही सांगायचं नाही.

तर ऐक. मी चिठ्ठी उघडली. आधी माझंच अक्षर दिसलं, मग त्या अक्षरांतलं तुझं नाव दिसलं. हॉलमधला गलका होता तो मला ऐकू येईनासा झाला. मनात पटापट सुरू झालं की तुला मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलेलं चालत नाही, तर बाईंना सांगून तुझा बाक आतल्या भिंतीकडे घ्यायला हवा. नवी वही आणायला हवी, मोठ्या ओळींची. वर्ग सुटतो सातला, म्हणजे मी तुला घ्यायला येऊ शकते, आणि घरी जाईपर्यंत तू सबंध रस्ताभर बडबडशील की आज हे झालं आणि ते झालं. धाकटी दारात उभी असेल, आणि आपण दोघी एकदमच तिला सांगायला लागू. एवढं सगळं, भिंगरे, एका श्वासात. मी तोंड उघडलं होतं. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर ओठांवर होतं. मी हसत होते, कारण समोरच्या रांगेतली एक बाई मला बघून हसली, हे मला आज इतक्या वर्षांनी स्पष्ट दिसतंय. मग मान वर केली, पाववाल्याचा चेहरा दिसला, आणि भीती आली. भीती नंतर आली.

आनंद, भिंगरे. आधी आनंदच झाला होता.

मावशी